‘बचत 80’ आणि बिलातले जास्तीचे 8 रुपये

प्रश्न : आमच्या भागातील एका सुपरमार्केटमध्ये चहाच्या एक किलोच्या ‘फॅमिली पॅक’वर एमआरपी 640 रुपये छापलेली होती आणि त्याखाली ‘फक्त 560, बचत 80’ असे लाल कार्ड होते. शेजारीच त्याच चहाचे पाव किलोचे पुडे 132 रुपयांना होते. असे चार पुडे 528 रुपयांतच आले असते. शिवाय रॅकवर 60 रुपये लिहिलेल्या बेसनाचे बिलात 68 लागले. विचारल्यावर कॅशियर म्हणाला, “ऑफर कल खत्म हो गया था, और एमआरपी से तो कम ही लिया है।” हे कायद्यात बसते का?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : आपल्या दोन्ही तक्रारी रास्त आहेत, पण कायद्याच्या दृष्टीने त्या वेगवेगळ्या आहेत.

चहाच्या बाबतीत दाद मिळणे कठीण आहे. एमआरपी ही केवळ कमाल मर्यादा असते आणि ती उत्पादकच ठरवतो, त्यामुळे तिच्यावर दिलेली सूट हा स्वस्ताईचा पुरावा ठरत नाही. मोठा पुडा लहानापेक्षा स्वस्तच असला पाहिजे, असाही नियम नाही. ग्राहकाला तुलना करता यावी म्हणून आवेष्टित (म्हणजे पॅकबंद) वस्तूंच्या 2011 च्या नियमांत दुरुस्ती करून पुड्यावर एकक विक्री किंमत छापणे बंधनकारक करण्यात आले. मात्र एक किलोहून कमी वजनाच्या पुड्यावर ती प्रतिग्रॅम आणि त्याहून मोठ्या पुड्यावर प्रतिकिलो असते, आणि ती एमआरपीवरून काढलेली असल्यामुळे दुकानाची सूट तीत धरलेली नसते. म्हणून प्रत्यक्ष द्यावयाच्या रकमेला वजनाने भागावे : आपल्या मोठ्या पुड्याचा दर ग्रॅमला 56 पैसे पडतो, लहानाचा सुमारे 53.

बेसनाची गोष्ट निराळी आहे, आणि कॅशियरचे उत्तर मुळीच मान्य करण्यासारखे नाही. एमआरपीपेक्षा जास्त आकारणी झाली असती किंवा छापील किंमत खोडून वाढवली असती, तर नापतौल (वैधमापन) विभागाकडे जाता आले असते. येथे तसे घडलेले नाही. परंतु ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मध्ये जाहिरातीच्या व्याख्येत सूचना आणि लेबल यांचाही समावेश आहे, आणि किमतीबाबत लोकांची दिशाभूल करणे ही अनुचित व्यापार प्रथा मानली आहे. संपलेल्या ऑफरचे कार्ड काढणे ही दुकानाची जबाबदारी आहे. त्या विसराळूपणाची किंमत ग्राहकाने का मोजावी?

आधी व्यवस्थापकाकडे 8 रुपये परत मागावेत. त्याने नकार दिल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 या क्रमांकावर, तक्रार नोंदवावी. पुढचा मार्ग इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा. तेथे पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. बिल जपून ठेवावेच, पण रॅकवरील कार्डाचा फोटो दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी घ्यावा, कारण वाद सुरू होताच सर्वांत आधी नाहीसे होते ते हे कार्डच.