निर्दोष असल्याचं सांगणाऱ्या कैद्याला पत्र लिहायचं आहे. तो खरं बोलतोय की नाही हे कसं ओळखू?

पत्रांवरून ते ओळखता येत नाही. आणि पत्र लिहायला ते आधी ओळखावं लागतं असंही नाही.

मी नऊ वर्षं एका जन्मठेपेच्या कैद्याला पत्रं लिहिते आहे. तो गुन्हा आपण केलाच नाही, असं त्याचं म्हणणं. त्याचं निकालपत्र मी दोनदा वाचलं. सगळा खटला एका साक्षीदाराने ओळखपरेडीत त्याच्याकडे बोट दाखवलं यावर उभा आहे, असं माझं मत झालं. पण पहिली दीड वर्षं मी निकालपत्र उघडलंही नव्हतं, आणि तेव्हाची आमची पत्रं काही कमी खरी नव्हती.

मैत्री आणि खटला वेगळे ठेवा. मला सुरुवातीला हे जमलं नाही. दुसऱ्याच पत्रात मी 'तू नक्की सुटशील' असं लिहून बसले. मग दोन महिने त्याचं उत्तर नाही. शेवटी त्याने लिहिलं, 'हे वाक्य मला सगळ्यांनी ऐकवलंय, आणि ऐकवणारे एकेक करून यायचे थांबलेत.' तेव्हापासून मी पाळता येईल तेवढंच कबूल करते: महिन्याच्या पहिल्या रविवारी पत्र. आजारी होते तेव्हा चार ओळी गेल्या, पण गेल्या.

अमेरिकेतल्या अलाबामाचा अँथनी रे हिंटन 1985 मध्ये खुनाच्या आरोपावरून पकडला गेला. गोळ्या त्याच्या आईच्या घरात सापडलेल्या रिव्हॉल्व्हरमधूनच सुटल्या, हा पुराव्याचा कणा होता, आणि तोच पुढे मोडला. जवळजवळ 30 वर्षं फाशीच्या कैद्यांत काढून तो 2015 मध्ये सुटला. एवढी सगळी वर्षं त्याचा लहानपणीचा मित्र त्याला भेटायला येत राहिला. कायद्याची लढाई वकिलांनी लढली. मित्राने येणं सोडलं नाही, आणि त्या कोठडीत ते किती मोठं असेल याचा अंदाज मला आता थोडा येतो.

निर्दोष माणसावर तुरुंगात एक वेगळंच संकट येतं. लवकर सुटायचं तर 'केलं, चूक झाली' असं म्हणावं, अशी अपेक्षा अनेक ठिकाणी असते. इंग्लंडमध्ये अँड्र्यू माल्किन्सनला 2004 मध्ये बलात्कारासाठी जन्मठेप झाली. सुमारे 7 वर्षांनी त्याच्या सुटकेचा विचार होऊ शकत होता, पण त्याने गुन्हा कबूल केला नाही आणि तो 17 वर्षं आत राहिला. 2023 मध्ये डीएनए दुसऱ्याच पुरुषाचा असल्याचं पुढे आल्यावर शिक्षा रद्द झाली. म्हणून तुमच्या मित्राने कधी 'खोटं का होईना, कबूल करून टाकू का?' असं विचारलं, तर सल्ला देऊ नका. ते त्याने वकिलाशी बोलावं. तुम्ही ऐका. माझ्या मित्राने हे विचारलं तेव्हा मी ती रात्र जागून काढली होती, पण पत्रात एवढंच लिहिलं की तू काहीही ठरवलंस तरी पुढचं पत्र येईल.

पत्रं बहुतेक तुरुंगांत उघडून वाचली जातात. त्यामुळे साक्षीदार, अपिलातले मुद्दे, नवा पुरावा यांपैकी काहीही त्यात येऊ देऊ नका. खटल्यासाठी काही करायचंच असेल तर सगळी कागदपत्रं मिळवून तारखांची एक वही करा. पुराव्याच्या वस्तू अजून जपून ठेवल्या आहेत का, हे वकिलाला लेखी विचारायला लावा. माल्किन्सनच्या खटल्यातले पीडितेचे कपडे पोलिसांनी नष्ट केले होते. प्रयोगशाळेच्या संग्रहात नमुने उरले, म्हणून तो वाचला. आणि पीडितांकडे किंवा त्यांच्या नातेवाइकांकडे स्वतःहून जाऊ नका. आत चुकीचा माणूस असला तरी त्यांच्यावर ओढवलेलं खरंच असतं.

त्याच्या घरच्यांना विसरू नका. सारा क्लार्क नावाच्या आयरिश ख्रिस्ती जोगिणीने 1970 च्या दशकापासून ब्रिटिश तुरुंगांतल्या आयरिश कैद्यांसाठी जीव ओतून काम केलं. भेटीला येणाऱ्या नातेवाइकांनाही तिने आधार दिला. तिने ज्यांची बाजू घेतली त्यांतले, बॉम्बस्फोटांच्या खटल्यांत चुकून शिक्षा झालेले गिल्डफर्डचे चौघे 1989 मध्ये आणि बर्मिंगहॅमचे सहाजण 1991 मध्ये निर्दोष ठरून बाहेर आले. मी स्वतः माझ्या मित्राच्या आईला सणाला फोन करते. तिच्याशी त्याच्याबद्दल बोलणारं आता दुसरं कोणी उरलेलं नाही.

आणि तो खोटं बोलत असला तर? माझ्याबाबतीत हे झालंय. दुसऱ्या एका कैद्याला मी तीन वर्षं लिहीत होते, आणि एके दिवशी त्याने लिहिलं, 'मीच केलं होतं.' मी खूप रडले, चिडले, महिनाभर कागद हातात घेतला नाही. मग लिहिलं. आता पत्रं क्वचित जातात, पण पहिल्यापेक्षा मोकळी असतात. त्याला निर्दोष मानून मी कुठे खोटी साक्ष दिली नव्हती, कुणाला दुखावलं नव्हतं. पत्रं लिहिली होती, त्यांचा मला पश्चात्ताप नाही.

शक्यतो कैद्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेमार्फत सुरुवात करा, घरचा पत्ता लगेच देऊ नका आणि पैशांबद्दलची तुमची मर्यादा आधीच सांगून टाका. पहिल्या पत्रात गुन्ह्याबद्दल काही विचारू नका. तुम्ही कोण, हल्ली काय वाचताय, खिडकीतून काय दिसतं ते लिहा. माझ्या मित्राला खिडकीबाहेरच्या झाडाबद्दल वाचायला सगळ्यात आवडतं, अजूनही दर पत्रात तो त्याची चौकशी करतो. खाली पुढचं पत्र कोणत्या तारखेला टाकणार ते लिहा, आणि त्या तारखेला टाका.