रोजच्या फिरण्यात फुलं, झाडं, जुने वाडे यांचे फोटो काढतो, पण ते सपाट येतात. चांगला कॅमेरा घ्यावा का?

कॅमेरा इतक्यात घेऊ नका. सकाळच्या फेरीत आणि बाजारहाट करताना तुम्ही मोबाइलवर फोटो काढता, पण डोळ्यांना दिसलं ते फोटोत उतरत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझंही दोन वर्षं अगदी हेच चाललं होतं. अडचण मोबाइलची नव्हती. मी कोणत्या वेळी कुठे उभी राहते, याची होती.

मी पुण्यात राहते, म्हणून शनिवारवाड्याचंच सांगते. त्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दिवसभर दक्षिणेकडून जातो, त्यामुळे दरवाज्याची बाजू सकाळपासून संध्याकाळपर्यंत सावलीत आणि मागचं आकाश लखलखीत. मोबाइल दोन्ही सांभाळायला जातो आणि दोन्ही फिकट करून ठेवतो. तुम्ही ज्याला सपाट म्हणताय, ते बहुतेक हेच. मी दोन हिवाळे तिथे समोर उभी राहून फोटो काढले आणि सगळे पुसून टाकले. मग एकदा मेच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी सातला तिथून चालले होते. त्या दिवसांत सूर्य ईशान्येच्या अंगाने उगवतो. ऊन भिंतीला घासून जात होतं. बुरुजाचा खालचा दगड, वरची वीट, मधला सांधा न् सांधा उठून दिसत होता. मोबाइल तोच, वाडा तोच.

हिवाळ्यात तिथे जायचंच नाही असं नाही. फक्त तेव्हा आकाश चौकटीत घ्यायचं नाही. दरवाज्याजवळ जा आणि हत्तींनी धडक देऊ नये म्हणून बसवलेले लोखंडी सुळे टिपा. सावलीतला मऊ उजेड त्या लोखंडाला फार शोभतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच की एक रस्ता धरा आणि वर्षभर तोच धरा. माझा जंगली महाराज रस्त्यावरून नदीपलीकडे पेठांत जाणारा आहे. त्यावरचं पाताळेश्वर मी किती वेळा पाहिलं असेल! आठव्या शतकातलं लेणं, काळ्या कातळात खोदलेलं, पायऱ्या उतरून जावं लागतं. आत बराच काळोख असतो. दुपारी मात्र अंगणातल्या कातळावरून परतलेला उजेड आतल्या खांबांपर्यंत पोचतो. एरवी दुपार फोटोंना वाईट, पण इथे तीच वेळ बरी. पावसाळ्यात बाहेरच्या गोल नंदीमंडपाचा ओला दगड इतका काळाभोर होतो की भोवतालची हिरवळ पेटल्यासारखी वाटते.

आता फुलं. जास्वंदीचा फोटो काढून बघा. पाकळ्यांवरच्या शिरा जाऊन नुसता लाल डाग उरतो. भडक लाल आणि पिवळ्या रंगाचा उजेड मोबाइलला झेपत नाही. फुलावर बोट टेकवा, बाजूला सूर्याचं चिन्ह येतं, ते थोडं खाली ओढा. फोटो जरासा अंधारा वाटला तरी चालेल, शिरा परत येतात. फुलाच्या अगदी जवळ जाऊ नका, त्याने फोटो धूसर होतो. वीतभर मागे सरून दुप्पट मोठं करून घ्या. आणि वरून खाली बघत काढू नका, फुलाच्या उंचीला बसा. मागे सावलीतली भिंत किंवा झाडाचं खोड आलं की पांढरी तगरसुद्धा खुलते. बहाव्याचं उलट आहे. एप्रिल-मेमध्ये त्याच्या झुंबरांखाली उभं राहा, ऊन पाकळ्यांच्या मागून येऊ द्या. प्राजक्तासाठी उजाडताच जावं लागतं. उशीर झाला की सडा तुडवला गेलेला असतो किंवा झाडलेला असतो.

इमारतींसाठी एकच मोठी चूक टाळा, मोबाइल वर वाकवू नका. वाकवला की खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकतात आणि वाडा मागे कलंडल्यासारखा दिसतो. मागे सरायला जागा असेल तर सरा. विश्रामबागवाड्यासमोर बाजीराव रस्त्याची गर्दी असते, मागे सरणं जमत नाही. तिथे मी अख्खा वाडा घेण्याचा नाद सोडला. एक सुरूच्या आकाराचा लाकडी खांब आणि त्यावरची कोरीव महिरप, एवढंच घेते. मला तरी त्यात वाडा जास्त दिसतो.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, ती सांगते. वेताळ टेकडीवर कळलावीचं फूल टिपायला मी गुडघ्यावर बसले. उठले तेव्हा माझ्याखाली तेरड्याची चार-पाच कोवळी रोपं चिरडली होती. फोटो सुंदर आला होता, मी तो ठेवला नाही. आता पायवाट सोडत नाही. लांबून जेवढं येईल तेवढंच घेते, आणि मध्ये येणारी काडीसुद्धा मोडत नाही. तुम्हीही मोडू नका. कळलावीचं फूल उमलताना पिवळसर हिरवं असतं आणि पुढच्या दिवसांत लाल होत जातं. पायवाटेवरून ओळीने चार-पाच दिवस तेच फूल टिपलंत, तर एका जवळच्या फोटोपेक्षा कितीतरी जास्त हाती लागेल.

घरातून निघण्याआधी मोबाइलच्या कॅमेऱ्याची काच रुमालाने पुसा. प्रत्येक फोटोची तारीख, वेळ आणि काय जमलं नाही ते एका वहीत लिहायची सवय लावा. माझ्याकडे कोपऱ्यावरच्या ताम्हणाच्या सलग पाच वर्षांच्या नोंदी आहेत, पहिलं जांभळं फूल कधी दिसलं त्याच्या. वर्षभराने तुमची वही उघडा. दूरचे पक्षी किंवा काळोखातली देवळं अशी मोबाइलला न जमलेली गोष्ट तिच्यात वारंवार आली असेल, तर कॅमेरा घ्या. तेव्हा कोणती लेन्स हवी, हे दुकानदाराला तुम्हीच सांगाल.