एक्सटेक्स्टमध्ये स्थितींची नावं मराठीत का चालत नाहीत?

एक्सटेक्स्ट (स्वतःची छोटी संगणकभाषा बनवायचं साधन) वापरून केलेल्या तुमच्या भाषेत ‘स्थिती’ हा कीवर्ड (भाषेचा ठरीव शब्द) चालतो, पण ‘स्थिती दारबंद’ लिहिलं की ‘दारबंद’वर लाल रेघ येते, बरोबर? दोष तुमच्या व्याकरणाचा नाही. कीवर्ड तुम्ही अवतरणात जसाच्या तसा दिलाय, म्हणून तो चालतो. नाव मात्र ‘आयडी’ (ID) या तयार टर्मिनलमधून, म्हणजे कोणती अक्षरं मिळून एक शब्द होतो हे ठरवणाऱ्या नियमातून, येतं आणि त्यात फक्त रोमन अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर बसतात.

तुमच्या ग्रामर फाइलमध्ये ‘आयडी’ नव्याने लिहा आणि त्यात देवनागरीचा युनिकोड पट्टा (०९०० ते ०९७एफ) जोडा. अख्खा पट्टा मात्र आंधळेपणाने घालू नका: दंड ही विरामचिन्हं (। आणि ॥, म्हणजे ०९६४, ०९६५) त्यातच आहेत. नाव मात्रेने किंवा देवनागरी अंकाने सुरू होऊ नये म्हणून पहिल्या अक्षराचा नियम वेगळा ठेवा. झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह, या पट्ट्याबाहेर आहे (२००डी). काही कीबोर्ड ‘ऱ्या’ लिहिताना तो गुपचूप घालतात. मग दिसायला सारखी दोन नावं जुळत नाहीत आणि माणूस डोकं धरून बसतो. मी तरी तो सरळ नाकारतो.

एक आगाऊ सल्ला: पुढे ‘बेरीज: बेरीज + पद’ असा स्वतःपासूनच सुरू होणारा नियम लिहाल, तर एक्सटेक्स्ट तोही नाकारेल. तिथे ‘पद (+ पद)*’ लिहा.