सांगलीतल्या छोट्या कारखान्यासाठी माणसे नेमताना प्लेसमेंट संस्था बरी की नोकरीची संकेतस्थळे?

कुपवाड एमआयडीसीत आपला ३५ माणसांचा मशीन शॉप आहे, त्यात एक प्रॉडक्शन मॅनेजर, एक अकाउंटंट आणि चार सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनचे ऑपरेटर नेमायचे आहेत, आणि हे काम फी घेऊन माणूस शोधून देणाऱ्या प्लेसमेंट संस्थेकडे सोपवावे की नोकरीच्या संकेतस्थळावर जाहिरात द्यावी, असे आपण विचारले आहे. मिरज एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी १३ वर्षे भरतीचे काम पाहिले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, या तीन प्रकारच्या जागांसाठी एकच वाट धरली तर कुठेतरी पैसे वाया जातातच.

ऑपरेटरांसाठी दोन्हींपैकी कशावरही खर्च करू नये. आपल्या शॉपमधल्या जुन्या सेटरच्या (मशीन कामासाठी लावून देणाऱ्या कारागिराच्या) कानावर घातले की आठ-दहा दिवसांत त्याच्या गावची किंवा शेजारच्या शेडमधली दोन-तीन मुले दारात येतात, आणि आणणाऱ्याचा शब्द गुंतलेला असल्यामुळे ती सहसा टिकतातही. फक्त चौघेही एकाच गावचे घेऊ नयेत. गावची जत्रा आली की चारही मशीन एकाच दिवशी बंद राहतात, हे आम्ही भोगले आहे. याच्या जोडीला आयटीआयमधून शिकाऊ उमेदवार घ्यावेत. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार ३० किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणे बंधनकारक आहे, म्हणजे आपल्याला एक तरी घ्यावाच लागेल आणि पाचपर्यंत घेता येतील. वर्षभर आपल्याच मशीनवर हात बसलेला मुलगा पुढे कायम करणे हे बाहेरून कोणी शोधण्यापेक्षा केव्हाही सोपे असते. राज्य शासनाच्या महास्वयम संकेतस्थळावर जागा नोंदवायला पैसे पडत नाहीत, तेव्हा तीही नोंद करून ठेवावी. मात्र तिथून आमच्याकडे आले ते बहुतेक नवशिके.

अकाउंटंटच्या जागेसाठी मात्र संकेतस्थळ पुरेसे आहे, कारण टॅली येणारी आणि जीएसटीचे काम केलेली माणसे सांगली-मिरजेतच असतात आणि नोकरी बदलायची असेल तर स्वतःहून अर्ज करतात. इथे सगळा भर जाहिरातीच्या मजकुरावर असतो. ‘अनुभवी अकाउंटंट पाहिजे, पगार योग्यतेनुसार’ एवढेच लिहिले तर कोल्हापूरपासून नाशिकपर्यंतचे अर्ज येतात आणि त्यांतले निम्मे लोक जाहिरात न वाचताच बटण दाबून मोकळे झालेले असतात. कामाचे ठिकाण कुपवाड आहे, साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी असते, हातात पगार किती ते किती मिळेल आणि महिन्याच्या कोणत्या तारखांना उशिरापर्यंत थांबावे लागते, हे चार मुद्दे स्पष्ट लिहिल्यावर आमचे अर्ज एकतृतीयांशावर आले, परंतु बोलावलेल्यांपैकी मुलाखतीला प्रत्यक्ष येणारे वाढले. पगार लिहायला मालक लोक का कचरतात हे मला माहीत आहे (आतल्या माणसांनी वाचले तर काय, ही भीती असते), पण आतल्यांना तो आकडा तसाही कळतोच. मुलाखतीत गप्पांपेक्षा अर्धा तास संगणकासमोर बसवावे आणि एका महिन्याची खरेदी जीएसटीआर-२बीशी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांच्या जीएसटी विवरणाशी) जुळवून दाखवायला सांगावे.

प्रॉडक्शन मॅनेजर ही खरी अवघड जागा आहे, कारण आपल्याला हवा असलेला माणूस आज कुठेतरी नोकरीत आहे, तिथे तो फारसा नाराज नाही आणि त्यामुळे तो कोणतीही जाहिरात वाचत नाही. संस्थेचा उपयोग होतो तो इथे. तरीही तिचे पैसे नेमके कशासाठी मोजायचे, हे आधी समजून घ्यावे. नोकरी डॉट कॉमसारख्या संकेतस्थळावर दोन वेगवेगळ्या सोयी विकत मिळतात, एक जाहिरात टाकण्याची आणि दुसरी नोंदवलेल्या बायोडेटांच्या साठ्यात आपण स्वतः शोध घेण्याची. बहुतेक छोट्या संस्था याच साठ्यात शोधतात. तेव्हा संस्थेची फी शोधण्याची नसून नोकरीत असलेल्या माणसाला फोन करण्याची, त्याचे मन वळवण्याची आणि नोटीस पीरियडच्या दोन-तीन महिन्यांत तो दुसरीकडे जाणार नाही हे पाहण्याची असते. हे काम संस्थेत प्रत्यक्ष कोण करणार, हे पहिल्याच भेटीत विचारावे. उत्तरात फक्त ‘आमच्याकडे मोठा डेटाबेस आहे’ एवढेच आले तर तो साठा आपणही विकत घेऊ शकतो.

फीचा रूढ दर वार्षिक सीटीसीच्या (कंपनीला त्या माणसावर वर्षभरात येणाऱ्या एकूण पगारखर्चाच्या) ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, असा असतो. सीटीसी ६ लाख असेल तर सुमारे ५० हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ५९ हजारांच्या आसपास बिल येते. दर ठरवताना घासाघीस करण्यापेक्षा करारातल्या बदली उमेदवाराच्या अटीवर (माणूस ठरलेल्या मुदतीत सोडून गेला तर संस्थेने दुसरा द्यायचा, या अटीवर) वेळ घालवावा. आम्ही एकदा पुण्याच्या एका संस्थेमार्फत क्वालिटी विभागाचा प्रमुख घेतला, तो रुजू झाल्यावर सात दिवसांत सगळी फी चुकती केली, आणि तो ९६ व्या दिवशी राजीनामा देऊन गेला. करारातली मुदत ९० दिवसांची होती, त्यामुळे आम्हाला बदली माणूसही मिळाला नाही आणि पैसेही परत मिळाले नाहीत. संस्थेने करार मोडला नव्हता; करार नीट न वाचता सही मीच केली होती. त्यानंतर आम्ही निम्मी फी रुजू झाल्यावर आणि निम्मी सहा महिने पूर्ण झाल्यावर देऊ लागलो, आणि ठरलेल्या दिवसांत बदली उमेदवार न दिल्यास रक्कम परत करावी, असे स्पष्ट लिहून घेऊ लागलो. दोन संस्थांनी नकार दिला, तिसरी तयार झाली. उमेदवाराकडूनही पैसे घेणाऱ्या संस्थेला मात्र दारात उभे करू नये, कारण ती आपल्यासाठी माणूस निवडत नाही, पैसे देऊ शकणारा माणूस पाठवते.

संस्थेकडे जाण्याआधी महिनाभर स्वतः एक प्रयत्न करून पाहावा, असे मी आग्रहाने सुचवेन. बायोडेटांच्या साठ्यात सध्याचे ठिकाण ‘सांगली’ न टाकता ‘पुणे’ टाकावे आणि शिक्षणाच्या रकान्यात सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी कॉलेज, मिरजेचे शासकीय तंत्रनिकेतन किंवा इस्लामपूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय शोधावे. पुण्याजवळच्या चाकण-भोसरीच्या कारखान्यांत दहा-बारा वर्षे काढलेला, आईवडील थकल्यामुळे किंवा घरचे शेत पाहण्यासाठी परत येऊ इच्छिणारा माणूस या शोधात सापडतो. तो पगारात थोडी तडजोड करतो आणि, महत्त्वाचे म्हणजे, आल्यावर राहतो. आमच्या टिकलेल्या पाच वरिष्ठांपैकी चौघे असेच परतलेले आहेत.

अशा माणसाशी बोलताना पगाराच्या आकड्यावर थांबू नये. १९१० साली उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना नेला, तेव्हा माणसे राहावीत म्हणून त्यांना आधी वस्ती वसवावी लागली होती. आपल्याला गाव वसवायचे नाही, परंतु सांगलीत विश्रामबागेकडे भाड्याने घर किती रुपयांत मिळते, मुलांना वर्षाच्या मध्येच शाळेत प्रवेश मिळेल का आणि पत्नीच्या नोकरीचे काय, ही चौकशी आपण आधीच करून ठेवली तर उमेदवाराच्या घरातले निम्मे प्रश्न फोनवरच मिटतात.

मागील नोकऱ्यांची खात्री करताना रिलीव्हिंग लेटरवर (आधीच्या कंपनीने सोडल्याच्या पत्रावर) विसंबून न राहता, उमेदवाराला त्याच्या पीएफच्या यूएएन (नोकरी बदलली तरी कायम राहणाऱ्या क्रमांकाच्या) खात्यातली सेवा-नोंद स्वतः उघडून दाखवायला सांगावी. बायोडेटातून गाळलेली सहा महिन्यांची नोकरी तिथे दिसते. आणि संस्था व संकेतस्थळ दोन्ही एकाच वेळी चालू ठेवणार असाल तर आलेला प्रत्येक बायोडेटा मोबाइल क्रमांक, तारीख आणि वेळेसह एका एक्सेलमध्ये नोंदवावा. तोच उमेदवार दोन्हीकडून आला तर फीचा वाद होतो, आणि आपल्याकडे त्याचा अर्ज आधी आला होता हे तेव्हा आपल्यालाच दाखवावे लागते.