नव्यानं टीम लीड झालोय. जबाबदारी घेणारी, चांगलं काम करणारी टीम कशी घडवू?

तुम्ही लिहिलंय की अकरा जणांची टीम नुकतीच तुमच्याकडे आलीय, त्यातले तिघं वयानं आणि अनुभवानं तुमच्यापेक्षा मोठे आहेत, आणि वरून निरोप आहे की तीन महिन्यांत 'नेतृत्वाची आणि उत्तम कामगिरीची संस्कृती' दिसायला हवी. सुरुवात कुठून करायची, हा तुमचा प्रश्न.

मी इंदूरला सांवेर रोडवरच्या एका औषध कारखान्यात पॅकिंग विभाग सांभाळते. गोळ्या पट्ट्यांमध्ये भरणाऱ्या दोन ब्लिस्टर लाईन, दोन शिफ्ट, चौतीस माणसं, त्यात बहुतेक बायका. तुमचं काम वेगळं असेल, तरी माझ्या अनुभवातून एकच गोष्ट ठामपणे सांगेन: वाईट बातमी तुमच्यापर्यंत येते तेव्हा पहिल्या मिनिटात तुम्ही कसे वागता, तिथून सुरुवात करा. टीमचा स्वभाव त्या एका मिनिटात ठरतो.

हे मला फार उशिरा कळलं. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका गोळीच्या कार्टनवर मुदतीचं साल चुकीचं छापलं गेलं. आधीच्या औषधाची मुदत तीन वर्षांची होती, या गोळीची दोन. छपाईच्या मशीनवर जुनीच सेटिंग राहिली. पहिल्या कार्टनवर तपासल्याची सही माझीच होती. संध्याकाळी बॅच संपताना चूक सापडली. मग सगळी कार्टन उघडा, पट्ट्या बाहेर काढा, नवीन कार्टनमध्ये भरा, जुनी एकेक मोजून नष्ट करा आणि त्याची नोंद ठेवा. पूर्ण दोन दिवस गेले. नशीब इतकंच की माल गेटबाहेर पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कळलं की लाईनच्या शेवटी बसणाऱ्या एका ताईंनी ही चूक पहिल्याच तासात पाहिली होती. मी विचारलं, मग सांगितलं का नाही? त्या खाली बघत म्हणाल्या, "मॅडम, पिछली बार बोला था तो आपने सबके सामने डांटा था." मला ती 'पिछली बार' आठवतसुद्धा नव्हती. मी घाईत असेन, काहीतरी बोलून गेले असेन. त्यांनी मात्र ते मनात धरलं होतं, आणि ऐकणाऱ्या बाकीच्यांनीही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्यानंतर मी लाईनवरच्या प्रत्येकाला लाईन थांबवायचा हक्क दिला. शंका आली की लाल बटण दाबायचं, कुणाला विचारायचं नाही. मला वाटलं, हक्क दिला म्हणजे लोक वापरतील. दोन महिने कुणी बटणाला हातसुद्धा लावला नाही. मग एका नव्या मुलीनं लाईन थांबवली, तिला पट्टीचं सील कच्चं वाटलं. आम्ही गळती तपासली: पट्ट्या निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवून निर्वात करतात, सील कच्चं असेल तर निळा रंग खळग्यात शिरतो. सगळ्या पट्ट्या कोरड्या निघाल्या. वीस-पंचवीस मिनिटं वाया गेली, आणि मालक नेमके तेव्हाच खाली आलेले. सगळी लाईन माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी तिला सगळ्यांसमोर म्हटलं, "बरोबर केलंस. पुन्हा शंका आली तर पुन्हा थांबव." मालकांशी नंतर केबिनमध्ये बोलले. पुढच्या आठवड्यात तीन वेळा लाईन थांबली, त्यातल्या दोन खऱ्या चुका होत्या. ती लाईन आमची खऱ्या अर्थानं त्या आठवड्यापासून झाली, असं मला वाटतं.

एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगून ठेवते, नाहीतर घाबराल. लोक बोलायला लागले की नोंदवहीतल्या चुका वाढतात. माझ्याकडेही वाढल्या, आणि वाटलं आपण काहीतरी बिघडवलं. अमेरिकेतल्या संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास केला, तेव्हा औषध देण्यातल्या चुका चांगल्या टीममध्ये जास्त आढळल्या. कारण शोधल्यावर त्यांच्या लक्षात आलं की चांगल्या टीममध्ये लोक चुका मोकळेपणानं सांगत होते. बाकीकडे त्या झाकल्या जात होत्या. हे वाचल्यावर मला धीर आला.

आणि चूक दिसताच काम थांबवायची ही कल्पना काही आजची नाही. माझे आजोबा इंदूरच्या एका कापड गिरणीत विणकाम खात्यात होते. ते सांगायचे, ताण्याचा, म्हणजे उभा, एक धागा तुटला आणि नजर चुकली की माग तसाच चालत राहतो आणि खराब कापड विणत जातो. जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी १९२४ साली असा माग पुरा केला की धागा तुटला की तो आपोआप थांबायचा. त्यामुळे एक माणूस कितीतरी माग सांभाळू शकायचा, कारण डोळे लावून बसायची गरजच उरली नाही. पुढे त्यांच्या मुलानं सुरू केलेल्या टोयोटाच्या मोटार कारखान्यात तीच गोष्ट माणसांकडे आली: लाईनवरचा कुठलाही कामगार दोरी ओढून अडचण कळवतो, आणि ती वेळेत सुटली नाही तर लाईन थांबते. तुमची अकरा माणसं म्हणजे अकरा माग समजा. प्रत्येकाला स्वतःहून थांबता यायला हवं, नाहीतर तुम्ही दिवसभर पहारा देत बसाल आणि त्यालाच नेतृत्व समजाल.

आता दुसरी बाजू. नुसता मोकळेपणा असला की गप्पांचा अड्डा होतो. काम उत्तम हवं तर अपेक्षा कडकच लागते. मध्य प्रदेशचा रणजी संघ आठवा. १९५२-५३ मध्ये इंदूरच्या होळकर संघानं करंडक जिंकला, त्यानंतर तो या भागात आला थेट जून २०२२ मध्ये. समोर ४१ वेळा जिंकलेली मुंबई. वेंकटेश अय्यर आणि आवेश खान भारतीय संघात असल्यामुळे नव्हते. तरी अंतिम सामन्यात यश दुबेनं १३३, शुभम शर्मानं ११६ आणि रजत पाटीदारनं १२२ धावा केल्या. तेव्हाचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित शिस्तीच्या बाबतीत किती कडक आहेत हे क्रिकेट पाहणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. मला त्यातून दिसतं ते हे की तिथं एकावर भिस्त नव्हती, मोठी नावं नसताना उरलेल्यांना आपलं काम नेमकं काय आहे ते ठाऊक होतं.

म्हणून अपेक्षा थोड्या ठेवा, पण त्यावर तडजोड करू नका. आमच्या तीन आहेत: आधीच्या औषधाचं एक कार्टनसुद्धा लाईनवर राहता कामा नये, मोजणीत फरक आला तर कारण सापडेपर्यंत बॅच पुढे जाणार नाही, आणि न केलेल्या तपासणीवर सही नाही. तिसरीची सुरुवात मी स्वतःपासून केली. या तिन्ही ओळी लाईनवरच्या बायकांनी त्यांच्या शब्दांत हिंदीत लिहून भिंतीवर लावल्यात. मी लिहिलेला जुना कागद कुणी वाचत नव्हतं.

जबाबदारी घ्यायला शिकवायचं तर निर्णय हातातून सोडावे लागतात. आम्ही निर्णय वाटून टाकले: काही तुम्हीच घ्या आणि मला सांगूही नका, काही घ्या आणि संध्याकाळी सांगा, काहींना आधी विचारा. दर सोमवारी लाईनची प्रमुख बदलते. शिफ्टच्या सुरुवातीची दहा मिनिटं तीच बोलते, लाईन मोकळी झाल्याची खात्री तीच करते. पहिल्यांदा उभी राहताना काहींचा आवाज थरथरायचा. मध्ये बोलायचा मोह फार होतो, तेव्हा गप्प राहा.

तिघा ज्येष्ठांबद्दल. त्यांच्यासमोर अधिकार दाखवायला जाऊ नका. वेगवेगळं भेटा, चहा घ्या, आणि विचारा की इथं कोणती चूक वारंवार होते आणि ती कुणी कधी मनावर घेतली नाही. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट महिन्याच्या आत दुरुस्त करून दाखवा. पुढचं सोपं जातं.

सगळ्यात अवघड जागा वेगळीच आहे. माझ्याकडे एक अतिशय वेगवान माणूस होता. हात विलक्षण, पण नव्या मुलींना तो घालूनपाडून बोलायचा, आणि आकडा गाठायला खराब पट्ट्या आत सरकवायचा. मला सगळं दिसत होतं. आकड्यांच्या लोभानं मी आठ महिने काही केलं नाही. त्या काळात दोन चांगल्या मुली काम सोडून गेल्या, त्याचं मला आजही वाईट वाटतं. शेवटी दोनदा समज देऊन त्याला लाईनवरून काढलं. पहिला महिना उत्पादन घटलं, मग भरून निघालं. भिंतीवर काहीही लिहा, तुम्ही कुणाचं काय खपवून घेता तेच टीम वाचत असते.

आमच्या घरी रोज सकाळी महापालिकेची कचरागाडी येते. ओला-सुका एकत्र दिसला तर गाडीवरचा मदतनीस थांबून सांगतो, वेगळं करून द्या. समोर बंगल्याचे मालक असोत की आणखी कुणी. २०१७ पासून इंदूर देशात स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिलं आलं, त्यामागे यंत्रणा मोठी आहे, पण मला त्या दारातल्या माणसाचा 'नाही' म्हणायचा हक्क फार महत्त्वाचा वाटतो. तुमच्या टीममध्ये असं 'नाही' कोण म्हणू शकतं, ते या आठवड्यात बघा.

आणि तीन महिन्यांनी साहेबांना काय दाखवायचं? एकच आकडा ठेवा: चूक घडल्यापासून ती तुम्हाला कळेपर्यंत किती वेळ गेला. आमच्याकडे पूर्वी बॅच संपताना कळायचं, आता बहुतेक वेळा त्याच तासात कळतं. मात्र हे काम सुरू करण्याआधीच साहेबांच्या समोर बसा आणि सांगा की पहिले काही आठवडे नोंदलेल्या चुका वाढतील, तेव्हा माझ्या माणसांवर आवाज चढवू नका, मला बोलवा. त्यांचा होकार मिळाला की मगच टीमला सांगा की काम थांबवायला हरकत नाही.