धण्याचं पाणी आधी थांबवा

प्रश्न : माझा नातू ७ वर्षांचा आहे. रविवारी सकाळी उठला तो डोळे सुजलेले आणि लघवी कोऱ्या चहासारखी. डॉक्टर म्हणाले, किडनीला सूज आली आहे. पोहण्याच्या तलावातलं गार पाणी बाधलं, की शाळेबाहेरच्या चिंचा? मी त्याला तांब्या तांब्या धण्याचं पाणी पाजते आहे.
– एक आजी, कोथरूड

उत्तर : आजी, तलाव आणि चिंचा दोघांनाही सोडून द्या. असं मूल दवाखान्यात आलं की मी काल काय खाल्लं ते विचारत नाही. गेल्या महिन्यात घसा दुखून ताप आला होता का, पायावर पुळ्या चिघळल्या होत्या का, ते विचारते. या वयात बहुतेक वेळा मूळ तिथे सापडतं. स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूशी लढायला शरीर प्रतिपिंडं बनवतं. जंतूचे अंश आणि ही प्रतिपिंडं यांची गाठोडी किडनीतल्या बारीक गाळण्यांत अडकतात आणि तिथे दाह होतो. घशानंतर साधारण १० दिवसांनी, पुळ्यांनंतर ३ ते ६ आठवड्यांनी. तोवर घरात कुणाला घसा आठवतही नसतो.

मीसुद्धा एकदा फसले आहे. नवी होते तेव्हा अशाच सुजलेल्या डोळ्यांना ॲलर्जीचं औषध लिहून दिलं. तिसऱ्या दिवशी त्या मुलाचा रक्तदाब मोजला, तो आकडा बघून माझाच वाढला असेल! तेव्हापासून रक्तदाब मोजायचा लहान मुलांचा पट्टा टेबलावरच असतो.

म्हणून धण्याचं पाणी आजच बंद. लघवी कमी होत असताना जादा पाणी बाहेर पडत नाही, अंगात साठतं आणि रक्तदाब चढतो. किती पाजायचं ते डॉक्टर लघवी मोजून सांगतील. पापड, लोणचं, वेफर्स असं खारट काही नको. डोकं फार दुखलं, उलट्या झाल्या, धाप लागली किंवा फिट (आकडी) आली तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

बहुतेक मुलं यातून पूर्ण बरी होतात. रक्तातलं सी-३ नावाचं प्रथिन या आजारात कमी होतं; ते मात्र ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा तपासून घ्या. ते तेव्हाही कमीच असेल तर दुसरं कारण शोधावं लागतं.

मोठ्यांचं गणित वेगळं. त्यांच्यात अंगदुखीच्या गोळ्या, काही अँटिबायोटिक्स, अगदी पित्तावरचं पँटोप्राझोलसुद्धा किडनीला सूज आणू शकतं. गुडघ्यांसाठी तुम्ही रोज काय घेता, तेही एकदा डॉक्टरांना दाखवा.

आणि घरात धाकट्या नातवंडाचा घसा दुखत असेल, तर त्यालाही याच आठवड्यात घेऊन जा.