दोन्ही पिकांत सरस, तरी सौदा कशाला?

प्रश्न : कापूस आणि तूर या दोन्ही पिकांचा आमचा एकरी उतारा धुऱ्यालगतच्या शेजाऱ्यापेक्षा अधिक येतो. मग त्याच्याशी देवाणघेवाण करण्यात आमचा लाभ कसा?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : आपला उतारा किती जास्त, यापेक्षा एक पीक घेण्यासाठी दुसरे किती सोडावे लागते, हे येथे निर्णायक ठरते, अर्थशास्त्रात यालाच संधी-खर्च म्हणतात. समजा, आपल्या एकरात ९ क्विंटल कापूस किंवा ६ क्विंटल तूर होते आणि शेजाऱ्याच्या एकरात ८ क्विंटल कापूस किंवा ४ क्विंटल तूर. म्हणजे क्विंटलभर तुरीपायी आपला दीड क्विंटल कापूस जातो, त्याचा मात्र दोन क्विंटल. तेव्हा आपण तुरीकडे आणि त्याने पऱ्हाटीकडे वळावे. पावणेदोन क्विंटल कापसाला क्विंटलभर तूर असा सौदा ठरला, तर दोघांच्याही पदरात अधिक पडते. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्ये हेच मांडले. त्यांच्या उदाहरणात मद्यासाठी पोर्तुगालला ८० आणि इंग्लंडला १२०, तर कापडासाठी अनुक्रमे ९० आणि १०० माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात. पोर्तुगाल दोन्हींत सरस असूनही त्याने मद्य करावे आणि कापड इंग्लंडकडून घ्यावे, हेच किफायतशीर ठरते.

तुरीचा बाजारभाव कापसाच्या दीडपटीखाली किंवा दुपटीवर गेला, तर मात्र दोघांनीही एकच, म्हणजे अनुक्रमे कापूस किंवा तूर, हे पीक घेणे रास्त. शिवाय बोंडअळी आणि पावसाचा खंड यांचा धोका या हिशेबात धरलेला नाही. म्हणूनच कापसाच्या तासांमध्ये तुरीची ओळ पेरण्याची आपल्याकडची रीत मला अडाणीपणाची वाटत नाही.